पॅसेजचा रंग

"सात आठवडे झाले. इतक्या दिसांत अख्खी बिल्डिंग रंगवून झाली असती. ह्या बायेक रंग नको, टायमपास होयो."

आमचा रंगारी काशीराम हे भिंतीला सांगत होता. तो लाकडी घोड्यावर उभा, तोंड छताकडे, आणि मी चहाचा कप घेऊन खाली त्याच्या पायाशी. त्याला वाटलं, मी स्वयंपाकघरात आहे. मीही तसंच वाटू दिलं. दोन पावलं मागे गेले आणि बांगड्या जरा वाजवत पुन्हा आले. भांडायला तोंड कुठे होतं मला? तो खरं तेच बोलत होता.

मुलुंड पूर्वेचा हा फ्लॅट सासऱ्यांनी शहाऐंशी साली घेतला, लालबागची खोली विकून. ते गिरणीतले. तेव्हापासून घराला दोनदा रंग लागला आणि दोन्ही वेळा काशीरामच होता. तो सासूबाईंच्या माहेरचा, देवगडजवळच्या त्यांच्याच वाडीतला. त्यांना आते म्हणतो, मला वयनी. मागच्या दोन्ही वेळी रंग सासूबाईंनी निवडला होता. शेड कार्ड त्यांच्या मांडीवर, काशीराम खाली बसलेला, पाच मिनिटांत काम फत्ते. या वेळी शेड कार्ड माझ्या हातात आलं आणि सात आठवडे तिथेच राहिलं.

हॉल आधी मोतिया ठरला. तो हॉस्पिटलसारखा दिसतो म्हणून फिकट पिवळा. पिवळ्याचा एक कोट झाल्यावर मला तो आंबट वाटायला लागला, म्हणून पुन्हा मोतिया. स्वयंपाकघरात मी भिंतीवर चार रंगांचे चार चौकोन काढून घेतले आणि चार दिवस बघत बसले. अक्षता, माझी मुलगी, म्हणाली की मम्मी, तू लग्नाला मुलगा बघतानासुद्धा एवढी चिकित्सा केली नसशील. मी म्हटलं, तेव्हा केली असती तर आज मी कुठल्या कुठे असते. सुबोधने पेपरमागून ऐकलं आणि पान उलटलं.

सगळे हसतखेळत होते. फक्त एका वाक्याच्या आसपास कुणी फिरकत नव्हतं.

झालं होतं असं. रंगकाम सुरू करायच्या आधी आम्ही सासूबाईंना खडवलीजवळच्या एका वृद्धांच्या केंद्रात नेऊन ठेवलं. रंगाच्या वासाने त्यांना धाप लागते, हे खरंच आहे. तीन आठवड्यांचा प्रश्न, रंग झाला की आणूच, असं सुबोधने त्यांना सांगितलं आणि मी शेजारी उभं राहून मान हलवली. बिल्डिंगमध्ये सांगितलं की आई नणंदेकडे गेल्यात. तीन आठवडे झाले तेव्हा हॉलसुद्धा पुरा नव्हता. दिवाळी प्लास्टिकच्या कागदांत गेली. आम्ही फराळाचा डबा घेऊन तिथे गेलो आणि चार वाजायच्या आत परत आलो.

मग माझ्या लक्षात आलं की जोवर रंग चाललाय तोवर कुणी काही विचारत नाही. सुबोध विचारत नाही, नणंद फोनवर विचारत नाही, सासूबाईही विचारत नाहीत. रंग संपला की विचारावंच लागेल. म्हणून मी मोतिया काढून पिवळा लावत होते आणि पिवळा काढून मोतिया.

खोलीचं नावही हळूहळू बदललं. आधी ती आईंची खोली होती. मग आतली खोली झाली. अक्षता आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते, बाकीचे दिवस पवईच्या ऑफिसात. तिने मोबाइलमध्ये त्या खोलीचा फोटो काढून त्यावर हिरवट करडा रंग चढवून दाखवला, टेबलासकट. फोटोत पलंग नव्हता. पलंग कुठे गेला, असं आम्ही तिघांपैकी कुणीही विचारलं नाही. सुबोध म्हणाला, रंग झकास आहे.

राहिला पॅसेज. आतल्या खोलीपासून बाथरूमपर्यंतचा. माझी अकरा पावलं, सासूबाईंची तीस-बत्तीस. गुडघे गेल्यापासून त्या भिंतीला हात लावून चालत. रोज दुपारी केसांना खोबरेल लावायच्या आणि तोच हात भिंतीला. त्यामुळे कमरेच्या उंचीवर भिंतीभर एक काळपट तेलकट पट्टा झाला होता. स्विचबोर्डाशी तुटायचा, कारण तिथे त्या हात उचलत, आणि पलीकडे पुन्हा सुरू. कोपऱ्यावर दम खायला थांबत, तिथे पंजाएवढा मोठा डाग. खाली ऑइल पेंट होता म्हणून निभावलं. दर शनिवारी मी साबणाच्या फडक्याने तो पट्टा पुसायचे आणि पुसताना मनातल्या मनात जे बोलायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काशीरामने चहा संपवला, घोड्यावरून उतरला आणि कप खिडकीत ठेवत विचारलं, "वयनी, पॅसेजाला ऑइल पेंटच ना?"

मी म्हटलं, "नाही. मॅट."

मॅट म्हणजे बिनचकाकीचा, मऊ दिसणारा. दिसतो छान. पण हात लागला की डाग धरतो, आणि पुसायला गेलं तर पुसलेली जागा वेगळी दिसते. हे मला काशीरामनेच पहिल्या आठवड्यात समजावलं होतं. आता त्याने मला पुन्हा समजावलं, लहान मुलाला सांगावं तसं. मग विचारलं की आते कधी येतायत.

रंग झाला की, मी म्हटलं.

"मग मॅट कसो? आठ दिवसांत वाट लागतली भिंतीची."

मी म्हटलं, तू मॅटच लाव. तो माझ्याकडे बघत राहिला. डब्यातली काठी उचलून रंग ढवळायला लागला, आणि जेवढा ढवळायला हवा त्यापेक्षा बराच वेळ ढवळत बसला.

एक गोष्ट मी सुबोधलाही सांगितलेली नाही. जानेवारीत सासूबाई त्या पॅसेजमध्ये पडल्या. सकाळी अकराची वेळ, घरात आम्ही दोघीच. मी चपात्या करत होते. धप्प आवाज आला, मग त्यांनी हाक मारली, "मीरा." मोठ्याने नाही, पाणी मागावं तशी. माझी चपाती तव्यावर होती. मी ती उलटली. फुगेपर्यंत थांबले. डब्यात ठेवली, गॅस बंद केला आणि मग गेले. अर्धं मिनिट झालं असेल, फार तर एक. त्यांना फारसं लागलं नव्हतं, मुका मार होता. उठवताना मलाच म्हणाल्या की तुझ्या कामाची खोटी झाली गो, उगाच खोळंबलीस. नऊ वर्षं मी त्यांचं सगळं केलं, केस विंचरण्यापासून. ती नऊ वर्षं खोटी नाहीत. पण ती चपातीही खोटी नाही. त्या दिवसापासून मला त्यांच्या पडण्याची भीती वाटत नाही, मला माझीच भीती वाटते. केंद्राची माहिती मी शोधली. फोन मी केला. सुबोधला रंगाच्या वासाचं कारण मी सुचवलं, आणि ते त्याने एवढ्या पटकन उचललं की मला त्याचाही राग आला.

रविवारी आम्ही तिघं खडवलीला गेलो. मी पर्समध्ये शेड कार्ड घेतलं होतं. का ते मलाही सांगता येणार नाही. कदाचित हातात काहीतरी असावं म्हणून.

सासूबाई व्हरांड्यात वाट बघत होत्या. केस विंचरलेले, अंगावर दिवाळीला आम्ही दिलेली साडी. जेवण बरं असतं म्हणाल्या, शेजारच्या बाई रात्री घोरतात म्हणाल्या. अक्षताने त्यांना मोबाइलवर हॉल दाखवला, स्वयंपाकघर दाखवलं, आणि आतल्या खोलीचा फोटो यायच्या आत मोबाइल पर्समध्ये टाकला. त्यांनी तो पर्समध्ये जाताना बघितला. मग मला म्हणाल्या, "मीरा, तुका एक गंमत दाखवतंय. थांब हा."

त्या खुर्चीतून उठल्या. सुबोध धरायला पुढे झाला, त्याला त्यांनी हातानेच मागे केलं. व्हरांड्याच्या भिंतीच्या कडेने चालायला लागल्या. उजवा हात भिंतीच्या बाजूला धरलेला, पण भिंतीला लावलेला नाही. बोटभर अंतर राखून. एक, दोन, तीन. कोपऱ्यावर जराशा डगमगल्या, तरी हात लावला नाही. वळल्या आणि तशाच परत आल्या. खुर्चीत बसल्यावर धाप लागली होती, पण चेहरा पाचवीत पहिला नंबर आल्यासारखा.

म्हणाल्या, इथली ती व्यायामवाली मुलगी शिकवते, मी रोज सकाळी करते. नवा रंग लावलात, आता मी माझा तेलकट हात लावून घाण करायची नाही. तुला दर शनिवारी पुसावं लागतं, ते काय मला दिसत नव्हतं?

अक्षता उठून नळाकडे गेली. पाणी प्यायला, म्हणाली.

सासूबाईंनी पदराने मान पुसली. मग सुबोधला विचारलं, "पॅसेजाक खंयचो रंग काढलात?"

"ऑइल पेंटच, आई," सुबोध म्हणाला. "तुझ्यासाठी. आधीसारखाच." त्याला खरंच ठाऊक नव्हतं की मी काय सांगितलंय. ठाऊक असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं, आणि इतक्याच गोड आवाजात.

"बरां झालां," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं. रंगाचं शेवटचं मत या वेळी माझं, हे आता त्यांनाही कळलं असावं. पर्स माझ्या मांडीवर होती, आतल्या शेड कार्डाची कड बोटांना लागत होती. मान हलवायची होती फक्त, सात आठवड्यांपूर्वी हलवली तशी.

"नाही आई," मी म्हटलं. "पॅसेजला मॅट सांगितलाय. तुम्ही परत येणार नाही असं धरून मीच सांगितलाय."