पुढचे चार

बॅडमिंटन हॉलच्या खिडक्या कायम बंद असत, कारण जराशी झुळूक आली तरी शटल भरकटायचं. दार एकच, तेही चौथ्या कोर्टाच्या मागे. त्यामुळे एकदा आत आलं की रॅली थांबेपर्यंत बाहेर पडायची सोय नव्हती. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सहा ते आठ, कुणीही यावं आणि खेळावं अशी वेळ ठेवलेली होती, आणि खरोखरच कुणीही येई. चार कोर्टांवर सोळा जण खेळायचे आणि चाळीस जण भिंतीला पाठ लावून घाम पुसत उभे असायचे.

या चाळिसांना आवरायचं काम चष्मेवालीकडे होतं. ती चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे डोळे तपासायची, म्हणून हॉलमध्ये तिला हेच नाव पडलं होतं. तीन वर्षांपूर्वी खेळणाऱ्यांच्या पाळ्यांचा फळा सांभाळणारे गृहस्थ गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले आणि जाताना मार्कर तिच्या हातात देऊन म्हणाले, "दोनच आठवडे बघ." गृहस्थ बरे झाले, परगावी लेकीकडे कायमचे राहायलाही गेले. मार्कर मात्र तिच्याच हातात राहिला. सोडते म्हटलं की सगळे एका सुरात म्हणत, "तुझ्याइतकं चोख कुणाला जमणार?" कौतुकानेही माणसाला बांधून घालता येतं, हे तिला तिथे कळलं.

नियम तिनेच फळ्याच्या कडेला लिहिले होते. खेळ एकवीस गुणांचा, मग चौघांनीही उतरायचं, जिंकलेल्यांनीसुद्धा. फळ्यावर आपल्या नावाचा बिल्ला ज्याच्या शेजारी येईल त्याच्याबरोबर खेळायचं, नाक मुरडायचं नाही. रॅली चालू असताना कोर्टामागून जायचं नाही. शटल शेजारच्या कोर्टात गेलं तर थांबायचं, आत पाऊल टाकायचं नाही. नियम लिहून झाले आणि तिचं खेळणंच संपलं. दोन तासांत एखादा डाव मिळाला तर मिळाला, आणि तोही अर्ध्यावर सोडून कुणाचं तरी भांडण सोडवायला पळावं लागे.

खरं तर ती इथे आली होती घरातून दोन तास सुटायला. पण सासूबाई गेल्या आणि पुढच्याच महिन्यात सासरे बूट घालून दारात उभे राहिले. "मीही येतो. घरी भिंतींशी काय बोलू?" नाही कसं म्हणणार? तेव्हापासून गाडी तेच चालवायचे, ती शेजारी बसायची आणि घर तिच्याबरोबर हॉलमध्ये यायचं.

सासरे चौऱ्याहत्तर वर्षांचे, ताठ. उभं आयुष्य बंदरावर क्रेन चालवली होती. "साठ फुटांवरून पेटी इंचाइंचाने खाली ठेवलीय मी," असं ते प्रत्येक नव्या पार्टनरला सांगायचे. समोरून आलेलं शटल ते अजूनही असं परतवायचे की तरुण पोरांनी तोंडात बोट घालावं. पण वागणं! गेल्या वर्षभरात त्यांनी एकही नियम धड पाळला नव्हता. सरळ शेजारच्या कोर्टात शिरायचे. रॅली ऐन रंगात असताना मागून चालत जायचे. पार्टनरच्या हद्दीतलं शटल मारायला धावायचे आणि वर त्यालाच विचारायचे, "तू कुठून उगवलास?"

तक्रारी अर्थातच तिच्याकडे यायच्या. सगळ्यात जास्त, नेहमी येणाऱ्या वकीलबाईंच्या.

"मी मनाला लावून घेणारी नाही गं," वकीलबाई म्हणायच्या, "पण तुझे सासरे आज तिसऱ्यांदा माझ्या कोर्टात घुसले. नियम तूच लिहिलेस ना? मग घरच्यांना वेगळा न्याय का?"

ती मान खाली घालायची. परतताना गाडीत विषय काढायची. सासरे समोर बघत गाडी हाकायचे आणि म्हणायचे, "त्यांना सांग, अंतर ठेवून उभे राहा." घरी नवऱ्याकडे गाऱ्हाणं मांडावं तर तो म्हणायचा, "तुझा फळा, तुझे नियम. मला मध्ये घेऊ नकोस." म्हणजे हॉलमध्ये ती सासऱ्यांची सून आणि घरात हॉलची मुकादम. तिच्या बाजूने उभं राहणारं कुणी नव्हतंच.

एका गुरुवारी नेहमीपेक्षा जास्तच गर्दी झाली. दुसरा एक हॉल दुरुस्तीसाठी बंद होता आणि तिथली मंडळी इथे लोटली होती. लोक कोर्टाच्या रेषांपर्यंत येऊन उभे राहिले. ती ओरडून ओरडून मागे सरायला सांगत होती, तिचा घसा बसला होता. सासऱ्यांचा बिल्ला एका प्लंबरच्या शेजारी आला होता. प्लंबर आडदांड पण स्वभावाने गरीब. तो डावीकडे उभा होता. शटल दोघांच्या मधोमध आलं. प्लंबर "माझं!" म्हणून ओरडला, तरी सासऱ्यांनी अंग वळवून पूर्ण ताकदीने रॅकेट फिरवली. ती त्याच्या तोंडावर बसली.

ओठ फाटला. रक्त पाहून चारही कोर्टं थांबली. प्लंबर रुमाल तोंडाला लावून "असू दे, असू दे" म्हणत होता, पण बाकीचे सगळे तिच्याकडे बघत होते.

"आता तरी काही करणार आहेस का?" वकीलबाईंनी विचारलं.

ती तणतणत निघाली. आज सगळ्यांदेखत बोलायचं, मग घरी काय व्हायचं ते होवो. सासरे नेटजवळ गोंधळून उभे होते. ती त्यांच्या डाव्या अंगाने गेली, हात वर करून "बाबा!" म्हणाली आणि जागच्या जागी थांबली. तिचा हात त्यांच्या गालापासून वीतभर अंतरावर होता आणि बाबांची पापणीसुद्धा लवली नव्हती. ते आवाजाच्या रोखाने मान वळवून तिला शोधत होते.

दुकानात रोज वीस जणांचे डोळे ती बघत होती.

"चला जरा," म्हणत तिने त्यांना सामानाच्या खोलीत नेलं. तिथे जुनी जाळी, तुटक्या खुर्च्या आणि शटलचे रिकामे डबे होते. तिने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि समोर स्वतः डब्यावर बसली.

"उजवा डोळा झाका. माझ्या नाकाकडेच बघा. कडेने बोट आणते, दिसलं की सांगा."

"हे काय आता? त्या पोराला लागलंय तिकडे."

"बघा म्हणते ना."

तिने डाव्या बाजूने बोट हलवत हलवत आत आणायला सुरुवात केली. कानापाशी, गालापाशी, डोळ्याच्या कोपऱ्यापाशी. बाबा शांतपणे तिच्या नाकाकडे बघत होते. मग जरा वैतागून म्हणाले, "अगं, आता हलवतेस की नाही बोट?"

बाहेर कुणीतरी ओरडत होतं, "पुढचे चार कोण?" तिने त्यांना आता डावा डोळा झाकायला सांगितलं. दुसऱ्या डोळ्याची तपासणी थोडी बरी निघाली, पण थोडीच.

"कधीपासून असं होतंय?" तिने विचारलं.

बाबा रॅकेटच्या मुठीवरची पट्टी उलगडत, पुन्हा गुंडाळत राहिले.

"तुझ्या सासूला माहीत होतं," ते शेवटी म्हणाले. "ती नेहमी माझ्या डाव्या हाताला चालायची. तुमच्या लक्षात नाही आलं कुणाच्या."

"मला वाटलं सवय असेल."

"सवयच होती. ती होती तोवर मला काही कमी दिसत नव्हतं." मग त्यांनी तिचं मनगट धरलं. "त्याला सांगू नकोस. तो मला घरात कोंडून घालेल. वाईट नाही गं तो, काळजीनेच करेल. पण कोंडेल."

ती मनगट सोडवून बाहेर आली. फळ्याजवळ माणसंच माणसं. तिने सासऱ्यांचा बिल्ला काढला आणि मुठीत धरला. वकीलबाईंनी समाधानाने मान हलवली. सुनेने अखेर नियम पाळला, असंच सगळ्यांना वाटलं असणार. तिने कुणाला काही सांगितलं नाही. तिथे सांगण्यासारखं ते नव्हतंच.

गाडीजवळ पोहोचल्यावर तिने हात पुढे केला. "किल्ली द्या, बाबा."

"चार किलोमीटर तर जायचंय."

"वर्षभर मी या गाडीत तुमच्या शेजारी बसलेय. द्या."

किल्ली त्यांच्या मुठीतून निघेना. तिने एकेक बोट सोडवून ती घेतली. आठ वर्षांत तिने गाडी चालवली नव्हती. चौकात दोनदा बंद पडली, मागचे हॉर्न वाजवून जीव खात होते. बाबा खिडकीबाहेर बघत बसले.

जेवताना तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. बाबांनी ताट सरकवलं आणि ते खोलीत गेले. नवऱ्याने ते ताट झाकून ठेवलं. मग म्हणाला, "आणि तू डोळे तपासतेस." त्याला टोचून बोलायचं नव्हतं, हे तिला समजत होतं. तरी ते लागलंच.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, बराच पुढे गेलेला. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती मात्र थेंब घालून टिकवता येते. सकाळी आठ, संध्याकाळी आठ, चुकवायचं नाही. नवऱ्याने गाडीची किल्ली कपाटात ठेवली आणि ठरवून टाकलं की संध्याकाळी बाबांना एकटं सोडायचं नाही. तो उशिरा यायचा, ती लवकर. म्हणजे मंगळवार गेला आणि गुरुवारही.

तीन आठवडे बाबा तिच्याशी बोलले नाहीत. पण थेंब तिच्याच हातून घालून घ्यावे लागत. ते खुर्चीवर बसत, मान मागे टाकत, ती खालची पापणी ओढून थेंब सोडे. इतक्या जवळून त्यांनी छताकडे बघायचं आणि तिने त्यांच्या डोळ्यांत. दोघांचीही सुटका नव्हती. हॉलमधून फोन येत: फळा कोण बघणार, लोक हाणामारीवर आलेत. ती "बघते" म्हणायची आणि फोन ठेवायची.

चौथ्या गुरुवारी ती कामावरून घरी आली तेव्हा बाबांनी आपणहून फडकं मागितलं. टेबलावर पाणी सांडलं होतं, ते पुसत म्हणाले, "जा तू."

"आणि तुम्ही?"

"मी काय उडून जाणारेय? रेडिओ ऐकतो. जिना उतरणार नाही, शब्द देतो." मग जरा थांबून म्हणाले, "तू काढून घेतलीस किल्ली, ते बरं केलंस. त्या दिवशी येताना एक सायकलवाला मला अगदी शेवटच्या क्षणी दिसला होता. मी बोललो नव्हतो."

तिने नवऱ्याला फोन करून कळवलं, विचारलं नाही. हॉलमध्ये पोहोचली तर वकीलबाई फळ्याशी उभ्या, आवाज बसलेला, केस विस्कटलेले. तिला पाहताच त्यांनी मार्कर पुढे केला. "आलीस बाई! धर हे. ही माणसं आहेत की कोण!"

"नको," ती म्हणाली. "माझा बिल्ला लावा. खेळायला आलेय."

वकीलबाईंनी पुढे केलेला मार्कर तसाच राहिला. ओठावरचा व्रण अजून लाल असलेला प्लंबर पुढे झाला आणि म्हणाला, "मी बघतो पुढच्या मंगळवारी. आजचं तुम्ही उरका, वकीलबाई." त्याने सासऱ्यांची चौकशी केली. तिने त्याला खरं काय ते सांगितलं, हळू आवाजात.

एक डाव मिळाला. एकवीस-नऊने हरली. घाम पुसत भिंतीला पाठ लावून उभी राहिली. घड्याळात पावणेआठला पाच कमी होते. आता गर्दी ओसरली होती, तिच्या पुढे अजून दोन चौकड्या. आत्ता निघाली तर आठच्या ठोक्याला घरी पोहोचणार होती.

तिने वकीलबाईंना खूण केली आणि आपला बिल्ला पुन्हा रांगेच्या शेवटी लावायला सांगितलं. थेंब अर्धा तास उशिरा पडले तर एखाद्या दिवशी चालतं, असं डॉक्टर म्हणाले होते.