ग्लेनिसचा खांदा आणि नंबूरची वकीलबाई

हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या आमच्या बोलिंग क्लबच्या मागच्या पायरीवरून ग्लेनिस ट्रॅन्टर पडली तेव्हा तिच्या हातात घरी भाजलेल्या स्कोनचं, म्हणजे चहासोबतच्या गोडसर पावांचं, ताट होतं. पायरी आतून कुजलेली, पाय पडताच मोडली. ग्लेनिसच्या उजव्या खांद्यातला स्नायू फाटला. एकसष्टाव्या वर्षीही ती शाळेची बस चालवायची. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन होऊन हात नीट उचलता येईपर्यंत बस विसरा.

मी क्लबचा बार सांभाळतो. त्यामुळे पुढचं सगळं मला दोघांकडूनही कळलं; ग्लेनिसकडून आणि मर्व्ह हॉजकिनकडून. मर्व्ह म्हणजे क्लबचा अध्यक्ष आणि ग्लेनिसचा खेळातला जुना जोडीदार. दुसऱ्याच दिवशी तो सूप घेऊन तिच्या घरी गेला.

"दावा लाव," तो म्हणाला.

"कुणावर? तुझ्यावर?"

"क्लबवर. विमा कशाला काढलाय आपण?"

"तीस वर्षं खेळतेय मी तिथे. लोक म्हणतील, बाई मुद्दाम पडली."

"लोक तुझ्या स्कोनलाही नावं ठेवतात. मेलीस का त्यानं?"

ग्लेनिस आठवडाभर फुगून बसली. पण ऑपरेशनसाठी सरकारी दवाखान्यात दीड वर्षाची रांग आहे असं कळलं, तेव्हा ती उठली आणि टीव्हीवर ज्याची जाहिरात लागते त्या वकिलाच्या ऑफिसात गेली. तिथल्या पोरानं तिच्याकडे न बघता चौदा पानं पुढे सरकवली आणि सही कुठे करायची ते दाखवलं. तिनं विचारलं, "माझा कुठला हात दुखावलाय?" तिचा हात गळ्यातल्या झोळीत असूनही त्याला मान वर करून बघावं लागलं. ग्लेनिस पेन ठेवून बाहेर पडली.

मग ती गावातल्या वकिलाकडे, कॉलिन बर्टल्सकडे गेली. त्यानंच तिचं मृत्युपत्र केलं होतं.

"हे माझं काम नाही, ग्लेनिस," कॉलिन म्हणाला. "मी घरांची कागदपत्रं करतो. दात दुखला तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाशील का तू? लॉ सोसायटीच्या, आम्हा वकिलांच्या संस्थेच्या, साइटवर यादी आहे बघ, शारीरिक इजेच्या दाव्यांतल्या मान्यताप्राप्त तज्ज्ञांची. त्या विषयाची वेगळी परीक्षा द्यावी लागते त्यांना."

यादीतलं सगळ्यात जवळचं नाव तासाभराच्या अंतरावर, नंबूरला निघालं: नेरिडा पॅस्को. ग्लेनिसला गाडी चालवता येत नव्हती, तेव्हा गुरुवारी मर्व्हच तिला घेऊन गेला, इस्त्रीचा शर्ट घालून.

नेरिडाबाईंनी आधी खांद्याची चौकशी केली, मग पायरीची, मग बसची. ग्लेनिसला बाई आवडल्या. मग त्यांनी मर्व्हकडे पाहिलं. "आणि हे आपले यजमान?"

"छे हो. ज्या क्लबवर दावा लावायचाय, त्याचे अध्यक्ष."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"पायरी कुजली होती हे मी लिहून द्यायला तयार आहे," मर्व्ह उत्साहानं म्हणाला.

"कृपा करून काही लिहून देऊ नका. आणि बोलूही नका. तुम्ही चूक कबूल करून बसलात तर विमा कंपनी हात वर करेल, आणि मग यांचंही नुकसान, तुमच्या क्लबचंही. बाहेर बसता का?"

मर्व्ह हॅट घेऊन बाहेर जाऊन बसला. आत बाईंनी ग्लेनिसला सगळं नीट समजावलं. जिंकलो तरच फी, पण हरलो तरी कुठला खर्च अंगावर येऊ शकतो, तेही. "नक्की मिळेल असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या, "पण दावा खरा आहे." ग्लेनिसनं कागद घरी नेले, दोनदा वाचले आणि मगच सही केली.

परत येताना मर्व्हनं विचारलं, "काय म्हणाल्या?"

"तुझ्याशी या विषयावर अवाक्षर बोलायचं नाही म्हणाल्या."

"किती दिवस?"

"संपेपर्यंत."

ते संपायला चौदा महिने लागले. विमा कंपनीनं ऑपरेशनचा खर्च दावा चालू असतानाच उचलला, त्यानंतर दर गुरुवारी खांद्याच्या व्यायामासाठी नंबूरला जायचं ठरलं, आणि दर गुरुवारी मर्व्हच गाडी काढायचा. दाव्याचं बोलायचं नाही, मग बोलायचं काय? तीस वर्षं एकत्र खेळून मर्व्हच्या बायकोच्या शेवटच्या आजारपणाबद्दल ग्लेनिसला काही ठाऊक नव्हतं. ते तिला गाडीत कळलं. आणि ग्लेनिसला रागावल्यावर गाणं सुचतं, हे मर्व्हला कळलं.

कोर्टाची पायरी न चढताच तडजोड झाली. बुडालेला पगार मिळाला, वर थोडं जास्तच. मोठी सुट्टी संपून जानेवारी अखेरीस शाळा उघडल्या तेव्हा ग्लेनिस पुन्हा बसवर होती, उजव्या हातानं दार उघडत.

त्या शनिवारी दोघं बारवर येऊन बसले.

"आता सांग सगळं," मर्व्ह म्हणाला.

ग्लेनिसनं सुरुवात केली, पण पाच मिनिटांत दोघंही कंटाळले आणि तिसऱ्याच कशावर तरी भांडू लागले. व्यायाम संपलाय, तरी गुरुवारी दोघं नंबूरला जातात. मी कारण विचारत नाही.