अकोल्यापर्यंत बांधलेला स्कार्फ

मी एक सुती स्कार्फ. नांदगाव पेठेच्या एका कारखान्यात विणला गेलो आणि अमरावतीच्या दुकानात येऊन पडलो. आमच्याकडच्या उन्हात बायका डोळे तेवढे उघडे ठेवून आम्हाला तोंडाभोवती गुंडाळतात. सुभद्राबाईंनी मला घेतलं, तेव्हा मलाही वाटलं, उन्हासाठीच.

बडनेऱ्याजवळ त्यांचं शेत. झेंडू, शेवंती. फुलं तोडायच्या त्या, विकायचे त्यांचे यजमान नत्थुजी. दिवसभर वाकून कंबर धरली की बाई नत्थुजींच्या दारूच्या बाटलीतला एक घोट औषध म्हणून घ्यायच्या. पुढे कंबर दुखो न दुखो, घोट लागू लागला. नत्थुजींनी बाटली लपवली, तेव्हा बाई स्वतःची आणू लागल्या. दुकानदाराने त्यांचा चेहरा कधी पाहिला नाही. तिथे मी असायचो.

येताना वाटेतच त्या घोट घ्यायच्या, आणि तो वास माझ्यात कोंडायचा. घरी आल्या की मला साबणाने घासघासून धुवायच्या. लेक प्रणाली विचारायची, आई, हा एकच कपडा रोज कशाला धुतेस? बाई आणखी साबण लावायच्या.

मग प्रणालीचं लग्न जुळलं, साक्षगंध ठरलं. मुलाकडचे मूर्तिजापूरचे. भर दुपारी, सगळे पाहुणे बसलेले असताना, ओवाळायला उठलेल्या बाई ताटासकट पडल्या. मी त्यांच्या पर्समध्ये होतो, मला फक्त ताटाचा आवाज आला आणि मागून नत्थुजींचा. हिचा बीपी लो झाला, असं ते ज्याला त्याला सांगत होते. पण उचलायला वाकलेल्या बायकांना वास आला होता. त्याच आठवड्यात सोयरीक मोडल्याचा निरोप आला.

प्रणाली आईला एक शब्द बोलली नाही. बरेच दिवस नाही. मग एका सकाळी मोबाईल घेऊन समोर बसली. दारू सोडू पाहणारी माणसं एकत्र जमतात, आपापलं सांगतात, एकमेकांना धरून राहतात, असा एक गट तिने शोधला होता. फोनवर बोलूनही घेतलं होतं. बैठक अमरावतीत होते, अकोल्यातही होते.

"अमरावतीत नोको," बाई म्हणाल्या. "तिथं सारे वळखतात मले."

बाईमाणूस अशा ठिकाणी जाते काय, असं नत्थुजी पुटपुटले. प्रणालीने त्यांच्याकडे पाहिलं.

"पिऊन पडते ते चालते काय, बाबा?"

रविवारी बाई एकट्याच अकोल्याच्या गाडीत बसल्या. बैठक एका शाळेच्या वर्गात होती. दाराशी नुसत्या पुरुषांच्या चपला. बाई तिथूनच फिरल्या आणि स्टेशनच्या बाकावर बसून रडल्या. मी त्यांच्या गळ्यापर्यंत भिजलो. घरी मात्र बैठकीला जाऊन आल्याचं सांगितलं, आणि संध्याकाळी पुन्हा प्यायल्या.

पुढच्या रविवारी प्रणाली शाळेच्या फाटकापर्यंत सोबत आली आणि तिथेच उभी राहिली. आता मागे फिरायची सोय नव्हती. बाई दाराजवळच्या बाकावर बसल्या, मला डोळ्यांपर्यंत ओढून. बैठक चालवणाऱ्या गृहस्थांनी सांगितलं, इथलं बोलणं बाहेर जात नाही. तोंड सोडा, असं बाईंना कोणीच म्हणालं नाही.

मग पुढून एक वयस्क माणूस उठला. बाईंच्या मुठीत माझं टोक आवळलं गेलं. ते खुशालराव होते, मूर्तिजापूरचे. मोडलेल्या सोयरिकीतल्या मुलाचे मोठे काका.

त्यांनी दारू सोडून बरीच वर्षं झाली होती. पण आपण अकोल्याला कशाला येतो, हे घरी त्यांनी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. ते सावकाश बोलले.

"आमच्या पुतण्याच्या साक्षगंधात पोरीची आई पडली. घरचे म्हणाले, दारुड्या बाईची पोरगी नोको. मले सांगता आलं असतं, की बाबू, मी बी तसाच होतो. पन मी चूप बसलो. मायी अब्रू वाचवली अन् त्या पोरीचं लग्न मोडू देलं."

सुभद्राबाई उभ्या राहिल्या. मला वाटलं, निघाल्या. दार हाताशीच होतं. पण त्यांचे हात मानेमागे गेले. गाठ घट्ट बसली होती, ती त्या नखांनी उकलत राहिल्या. शेवटी मी त्यांच्या हातात आलो, आणि उघड्या तोंडाने त्या म्हणाल्या,

"ते बाई मीच आहो. मी सुभद्रा. मले दारू सुटत नाही."

खुशालराव मटकन बाकावर बसले. त्यांनी हात जोडले, पण वर पाहणं त्यांना जमलं नाही. बाईंनाही जमलं नाही.

सोयरीक जुळली नाही ती नाहीच. खुशालरावांनी पुढे घरी सगळं सांगितलं, मग बडनेऱ्याला येऊन प्रणालीची माफी मागितली. तिने चहा दिला आणि म्हणाली, "काका, आता त्या घरात मले जायचंच नाही." दिवाळीत, फुलांच्या कामाच्या गर्दीत, बाई एकदा घसरल्या, पुन्हा प्यायल्या. पुढच्या रविवारी बैठकीत तेही सांगून आल्या. नत्थुजी हल्ली त्यांना स्टेशनवर सोडतात. कुठे निघाली, असं कोणी विचारलं तर अजून नात्यातलं लग्न सांगतात.

माझा रंग आता पार उडालाय. बडनेऱ्याला बाई मला अजूनही बांधतात. ओळखीचं कोणी डब्यात चढलं की त्यांची मान खाली जाते. लाज गेलेली नाही. अकोला आलं की मात्र त्या मला सोडतात, घडी करतात आणि वर्गात मांडीवर घेऊन बसतात.

तुमच्या दाराशी कोणी अशी तोंड बांधून आली, तर थोडं सरकून तिला जागा द्या. कुणाच्या घरची, एवढं विचारू नका. नाव सांगायचं झालं तर ती सांगेल.