अर्ध्या डोसची जाळी

आमच्या तासगावकडं बेदाण्याच्या शेडवर एक रीत आहे. शेजाऱ्याचा माल बिघडताना दिसला तर मालकाला शोधत बसायचं नाही, सरळ हात घालायचा. आभाळ भरून आलं तर ताडपत्री ओढायची, मणी तपकिरी पडायला लागले तर डिपिंगचा फवारा मारायचा. डिपिंग म्हणजे तेल आणि पावडर कालवलेलं पाणी. द्राक्षं त्यात बुडवून जाळीवर पसरली की लवकर वाळतात आणि हिरवी राहतात. अशा मदतीबद्दल कुणाचे आभार मानले तर माणूस चिडतो, "आमी काय परकं हाय व्हय?" म्हणतो. मला या रीतीचा फार अभिमान होता. आता तिची आठवण झाली तरी रडू येतं, आणि रडू आलं की स्वतःचाच राग येतो.

मी शिवांजली. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात केमिकलच्या शेवटच्या वर्षाला होते. त्याआधी माझी स्वप्नं चारचौघींसारखीच होती. कॅम्पसमधून एखादी कंपनी, पुण्यात मैत्रिणींबरोबर फ्लॅट, अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चांगला मोबाईल. मग दीपमाला मॅडमनी मला त्यांच्या प्रयोगशाळेत घेतलं. का घेतलं देव जाणे, वर्गात प्रश्न विचारून त्यांचं डोकं खायचे म्हणून असेल.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "डिपिंगला एवढं तेल लागतंच, हे कुणी ठरवलं?"

"सगळेच तेवढं घालतात, मॅडम."

"हे काही उत्तर नाही."

खरंच नव्हतं. आजवर मी सोडवलेल्या प्रत्येक गणिताचं उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर छापलेलं होतं. हे कुठंच छापलेलं नव्हतं. त्या दिवशी मी मेसचं जेवण विसरले, आणि जेवण विसरणाऱ्यांतली मी नाही. मला संशोधक व्हायचं होतं. हे मोठ्यानं बोलायची लाज वाटायची, पण बाकी काही सुचायचंच नाही.

द्राक्षं तयार झाली तसा आमच्याच शेडमध्ये प्रयोग मांडला. तीन जाळ्या. एक नेहमीच्या डिपिंगची, मधली अर्ध्या डोसची, तिसरी नुसत्या पाण्यातून काढलेली. प्रत्येक जाळीखाली वजनाचा काटा, आणि त्याचे आकडे आपोआप कॉलेजात जाणार. अण्णांनी शेडमधली सगळ्यात वाऱ्याची जागा रिकामी करून दिली. "तुज्या सायन्सला वारं लागंल," म्हणाले.

मी बजावून सांगितलं, "अण्णा, यातल्या कुठल्याच जाळीला हात लावायचा नाही. बिघडली तर बिघडू दे."

"व्हय गं बाय. तुजी जाळी, तुजं राज्य."

तिसरी जाळी काळी पडायला लागली. अण्णा तिच्यापुढून जाताना मान फिरवायचे. काळा माल म्हणजे त्यांच्या दृष्टीनं घरात निलाजरं माणूस. मी हसायचे, आणि मग परीक्षेसाठी सांगलीला निघून आले.

परीक्षा चालू असतानाच एका सकाळी मधल्या जाळीची वजनाची रेघ एकदम खाली आली. पाणी भराभर उडत होतं. अर्ध्या डोसमध्ये! मी मॅडमना हाताला धरून संगणकापुढं आणलं. पुढं माल उतरवला तेव्हा मधली जाळी हिरवीगार होती. मॅडमनी तो निकाल बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत पाठवला. उन्हाळ्यात तिथं काम करायचं, जमलं तर पुढं तिथंच शिकायचं. माझी निवड झाली. त्या उतरत्या रेघेचं चित्र मी मोबाईलवर लावलं होतं, लोक देव लावतात तसं.

पेढे घेऊन घरी आले. अण्णांनी शेडवरच्या सगळ्यांना वाटले, निवडणीला बसलेल्या रंगुबाईला दोनदा दिला. मग स्वतः घेतला आणि डोळे मिचकावून म्हणाले, "ह्यातला निम्मा पेढा माजा हक्काचा हाय."

"तो कसा?"

"तू परीक्षेला गेलीस आन तुजी मदली जाळी तपकिरी पडाय लागली. माज्या काळजाचं पानी झालं. म्हटलं पोरीची मॅडम बघनार, फोटू जानार. मारला फवारा."

"अण्णा, मी नको म्हणाले होते ना?"

"मनलीस की. पर पोरीचा माल बिघडताना बघत बसाय मी काय वैरी हाय?"

हातातला पेढा मी परत खोक्यात ठेवला. माझी लाडकी रेघ माझी नव्हतीच. ती अण्णांची होती. मी कधी नव्हे इतकी एकटी पडले, आणि समोर माझा बाप हसत उभा होता.

कुणाला कळणार होतं? मॅडमना नाही, बंगळूरला नाही. दोन दिवस मी स्वतःशी भांडले. अण्णांशी भांडता येईना म्हणून उशीशी भांडले. शेवटी सांगलीची एस.टी. धरली आणि मॅडमना सगळं सांगून टाकलं.

त्या "पुन्हा करू" म्हणाल्या आणि मग त्यांच्याच लक्षात आलं. द्राक्षं संपली होती. पुढचा हंगाम येईपर्यंत माझं कॉलेज संपणार होतं. माझी निवड मागे घ्यावी, असं त्यांनी संस्थेला माझ्यासमोरच कळवलं. मग म्हणाल्या, "तू संशोधक आहेस, शिवांजली. मला आज खात्री पटली." हे वाक्य ऐकायला मी वर्षभर आसुसले होते. ते नेमकं त्या दिवशी आलं, आणि मी जिन्यात बसून हमसून हमसून रडले.

आता मी कुपवाडला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. डब्यातनं नमुना काढायचा, कागदावर आधीच छापलेल्या आकड्याशी जुळवायचा, पास किंवा नापास. उत्तरं पुन्हा शेवटच्या पानावर आली.

त्या दिवशी मॅडमकडून घरी आले तेव्हा अण्णांना सांगायचं राहिलं होतं. त्यांनी माझ्यासाठी चाकांची बॅग आणून ठेवली होती. "बंगलोरला कवा निघायचं?" त्यांनी विचारलं.

"जागा दुसऱ्याला गेली, अण्णा."

"का गं? माल तर हिरवागार हुता!"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. फवाऱ्याचा पंप त्यांच्यामागं भिंतीला टेकवलेला होता. माझ्यानं नाही झालं.

"रंग थोडा कमी पडला म्हणाले."

अण्णा रिकाम्या क्रेटवर खाली बसले. टॉवेलनं तोंड पुसलं, डोळेही पुसले. मग म्हणाले, "माजंच चुकलं, पोरी. आनकी एक फवारा माराय पायजे हुता."