गुढीची काठी आणि काडेपेटीच्या दोन काड्या

मी काठी बोलतेय. दचकू नका, उगाच कुणाच्या पाठीत बसणाऱ्यांतली मी नव्हे. पनवेलजवळच्या विचुंबे गावातल्या जगनच्या बेटातला सरळसोट बांबू मी. जगनच्या शेतावर इमारत उभी राहिली आणि दुसऱ्या मजल्यावर निवृत्त झालेले दीनानाथ, त्यांची बायको शशिकला, मुलगा आणि सून रुचिरा राहायला आले. पहिल्याच पावसाळ्यात जगननं मला दीनानाथांच्या हातात दिलं.

"काका, आमी हितलंच हाव. पावसान साप निंगतान. ही जवल ठेवा, मोडाची नाय."

झालं! दीनानाथांना जन्माची सोबतीण मिळाली. आणि काय सांगू, असा सावध माणूस पनवेलात दुसरा नसेल. रस्त्यावर पाणी तुंबलं की गटाराचं झाकण उघडं असेल म्हणून मला पुढे टोचत टोचत निघायचे. त्यांच्या मागे बायका, शाळेची मुलं, एकदा तर एक रिक्षासुद्धा रांगेत. संक्रांतीला तारेत पतंग अडकला की मला गच्चीच्या दारात आडवी धरायचे. "पतंग दुसरा मिळेल रे, तुम्हाला कुठून आणायचं?" दिवाळीत न उडालेल्या फटाक्यावर कुणी वाकलं की मी मध्ये. साप दिसला तर मारायचा नाही, लांब उभं राहायचं आणि सर्पमित्राला फोन करायचा, हेही मलाच आपटून आपटून सांगायचे. साप बिचारा तेवढ्यात कंटाळून निघून जायचा.

एकदा त्यांनी दिवाणखान्यात प्रात्यक्षिकच केलं. रुचिराला शॉक लागल्याचं सोंग घ्यायला लावलं आणि म्हणाले, "चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही! आधी मेन स्विच बंद. ते जमलं नाही तर कोरडी लाकडी काठी."

"झालं असेल तर तिला सोडा," शशिकलाबाई म्हणाल्या, "तिकडे भाजी करपतेय."

एवढं सगळं करणाऱ्या या माणसाच्या न्हाणीघरात काय होतं, ठाऊक आहे? आमच्याकडे नळाचं पाणी वर चढत नाही, म्हणून मोटर. त्या मोटरचा प्लग फुटलेला. मग दोन उघड्या तारा सॉकेटात खुपसलेल्या आणि निसटू नयेत म्हणून शेजारी काडेपेटीच्या दोन काड्या ठोकलेल्या! मला तर बघूनच घाम फुटायचा.

"अहो, तो प्लग तेवढा बदला," शशिकलाबाई रोज म्हणायच्या.

"बदलतो गं. पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटांचंच काम, म्हणून वर्षभर राहिलं.

पाडवा मात्र माझा दिवस. त्या दिवशी मला कुणी टोचत नाही, आपटत नाही. शशिकलाबाई मला कोरड्या फडक्यानं लख्ख पुसतात, हळदीकुंकू लावतात, आपली जरीची साडी नेसवतात. वर कडुनिंब, साखरेची गाठी आणि तांब्याचा गडू. मग मी गॅलरीतून साऱ्या विचुंब्याकडे बघते. आणि नियम कडक हं! सूर्य मावळायच्या आत उतरवायची, पण सकाळी कुणी धक्का लावायचा नाही. एकदा वाऱ्यानं मी जरा कलले, तर बाईंनी दीनानाथांना मला धरून दुपारपर्यंत उभं केलं होतं.

त्या पाडव्याला मी नुकतीच उभी राहिले होते. शेजारच्या कुमुदताई गुढी बघायला आल्या होत्या, मुलगा श्रीखंड आणायला गेला होता. तेवढ्यात पाणी आलं. दीनानाथ आंघोळ करून ओल्या अंगानं, अनवाणी मोटर लावायला गेले. एक काडी सैल झाली होती, ती दाबायला हात पुढे केला, आणि...

ओरडता आलं नाही त्यांना. नुसता घशातून आवाज आला. रुचिरा धावली, हात पुढे करणार तोच शशिकलाबाई किंचाळल्या, "हात लावू नकोस! मेन स्विच!"

पण मेन स्विचपुढे मुहूर्तावर आणलेला नवा फ्रिज खोक्यासकट उभा. रुचिरा खोकं ढकलतेय, खोकं हलेना.

शशिकलाबाई एक क्षणही थांबल्या नाहीत. गॅलरीत आल्या, मला उपटलं. गडू खाली पार्किंगमध्ये गडगडला. "अहो, गुढी!" कुमुदताई ओरडल्या. बाईंनी पायात रबरी चपला सरकवल्या आणि न्हाणीघराच्या कोरड्या उंबऱ्यातूनच, साडी, कडुनिंब, गाठी सगळ्यासकट मला दीनानाथांच्या मनगटावर असं हाणलं की मी टोकाला तडकले. हात सुटला. दीनानाथ मागे भिंतीशी बसले. श्वास चालू होता. देवा रे, चालू होता!

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "नशीब थोर. बोटं जरा भाजलीत, बाकी ठीक. पण हे मनगट एवढं कशानं सुजलं?"

"गुढीनं," दीनानाथ खाली मान घालून म्हणाले.

मग शशिकलाबाईंना रडू फुटलं. "साऱ्या गावाला शिकवता, आणि स्वतः? तुम्हाला काही झालं असतं तर मी काय केलं असतं हो?" दीनानाथांनी दुसऱ्या हातानं तिथूनच इलेक्ट्रिशियनला फोन लावला.

घरी आल्यावर कुमुदताईंनी हळूच विषय काढला. "भरल्या सकाळी गुढी उतरली गं. एखादी शांती करून घे."

"उतरली नाही, मी उतरवली," शशिकलाबाई म्हणाल्या. "हेच नसते तर उभारायची कुणासाठी होती?"

त्याच संध्याकाळी इलेक्ट्रिशियन आला. प्लग बदलला, अर्थिंग झालं, शॉक बसताच वीज तोडणारा स्विचही बसला. काम पाच मिनिटांपेक्षा जरा जास्त चाललं एवढंच.

तर मंडळी, मी आता टोकाला सुतळी बांधून न्हाणीघराबाहेर उभी असते. तुमच्या घरात अशा काड्या असतील तर आजच काढा. प्रत्येक घरात माझ्यासारखी तयारीची काठी नसते. इथे आता सगळं ठीक आहे, तरी दीनानाथ चपला घातल्याशिवाय आणि हाक मारल्याशिवाय मोटर लावत नाहीत. "शशी, काठी घेऊन ये गं." आणि बाई मला घेऊन उंबऱ्यात उभ्या राहतात. काल दोघांचं कडाक्याचं भांडण झालंय, सकाळपासून एकमेकांशी अवाक्षर नाही.

थांबा, नळाला पाणी आलं वाटतं. आज हाक काही आली नाही. पण बाईंनी मला उचललंय.