बुडालेल्या बोटीची फाईल

मी एक फाईल बोलतेय. तपकिरी पुठ्ठ्याची, नाडीने बांधलेली. माझ्या पोटात एक बुडालेली बोट आहे, अकरा माणसांसकट.

बोट बुडाल्यावर चौथ्या दिवशी तपास अधिकारी बाईंच्या टेबलावर मी जन्मले. पहिल्या पानाला त्यांनी स्वतःच पंच मारला. भोकं तिरकी पडली. मग बोट तपासणाऱ्याचा जबाब आला. "बोट कुजलेली होती. मी परवाना नाकारला. मंत्रिसाहेबांनी स्वतःच्या सहीने दिला." त्या परवान्याची प्रत माझं एकेचाळिसावं पान झाली. बाई मला रोज चाळायच्या, शेजारी ठेवूनच डबा खायच्या. तेवढेच माझे सुखाचे दिवस.

पुढे मंत्रिसाहेब सरकारचे प्रमुख झाले. त्यांनी आमच्या खात्यावर नवे संचालक नेमले. कालपरवापर्यंत ते त्यांचेच वकील होते. नेमणुकीच्या कागदावरची सही मी लगेच ओळखली.

संचालकांनी मला मागवून घेतलं. खोटं कशाला बोलू, माणूस काही वाईट नव्हता. पान न् पान वाचलं. एकेचाळिसाव्या पानाशी मात्र चष्मा काढून डोळे चोळत बसले.

बाई आत आल्या. "सर, स्पष्टच बोलते. ही फाईल तुमच्याकडे नको. न्यायालयाला कळवा, दुसरं कुणीतरी बघेल."

"मला कळत नाही का ते? पण मी बाजूला झालो, तर ते मला कायमचं बाजूला करतील. आणि माझ्या जागी येणारा हिला उघडणारही नाही."

"तुम्ही उघडून काय करणार आहात, सर?"

संचालकांनी मला उचललं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. किल्ली फिरली.

सात महिने मी अंधारात होते. वरून फक्त आवाज यायचे. फोनवर, "हो साहेब, माझं लक्ष आहे." एकदा एक बाई आल्या. त्यांची मुलगी त्या बोटीत होती. संचालकांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. "चौकशी चालू आहे, मावशी."

"कुठवर आलीय, बाबा?"

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. जीव नुसता तुटत होता. पण कागद आपणहून बोलत नाही, कुणीतरी वाचावा लागतो.

शेवटी संचालकांनी लिहिलं, "पुरावा अपुरा. प्रकरण बंद." अधिकारी बाईंनी खाली लिहिलं, "मला हे मान्य नाही," आणि सही केली. आठवड्याभरात त्यांची बदली झाली. जाताना त्यांनी माझी नाडी घट्ट बांधली, पुठ्ठ्यावरून हात फिरवला आणि मागे वळूनही न बघता गेल्या.

आता मी तळघरातल्या रेकॉर्डरूममध्ये असते. शेजारच्या फायलींशी बोलायचं तर त्याही बंद. संचालक एकदाच खाली आले होते. रॅकसमोर बराच वेळ उभे राहिले. हात पुढे केला, मागे घेतला, निघून गेले. वर त्यांच्याशी तरी कोण बोलत असेल?

इथला नियम सोपा आहे. नंबर लिहून अर्ज केला की फाईल दाखवावीच लागते. पण मावशींना माझा नंबर कुणी सांगितलेलाच नाही. तुम्हाला कुठे भेटल्या तर तेवढं सांगाल का? सातशे चौदा. खिडकी अकराला उघडते.