मार्लिसचं मत

"वेल्डनला पाठवलीस तर पोरगी वाया गेली म्हणून समज," मार्लिस म्हणाली. "त्या कोचला उंच पोरी तेवढ्या दिसतात. त्यांच्या हातात चेंडू आणून कोण देणार, याचा विचार त्यानं जन्मात केलेला नाही."

जोलीनने तिच्या कपात आणखी कॉफी ओतली. टेबलाच्या पलीकडे जोलीनची मुलगी ब्रिटा पाय खुर्चीवर घेऊन बसली होती आणि आळीपाळीने दोघींच्या तोंडांकडे पाहत होती. बास्केटबॉलसाठी तिला दोन कॉलेजांनी पूर्ण शिष्यवृत्ती देऊ केली होती, अ‍ॅशबीने आणि वेल्डनने. शुक्रवारपर्यंत कुणाला तरी होकार कळवायचा होता. जोलीनला खेळातलं काही कळत नसे, म्हणून तिने मार्लिसला बोलावलं होतं.

मार्लिस टोलेफ्सन ओटर क्रीकच्या शाळेची बस चालवायची, पण गाव तिला ओळखायचं ते अ‍ॅशबीच्या संघाची कट्टर चाहती म्हणून. मुलींचा खेळ बघायला कुत्रं फिरकत नसे, तेव्हापासून ती संघाच्या रंगाचा हिरवा स्वेटर घालून अ‍ॅशबीला जात होती. कुठली मुलगी डाव्या हाताने कच्ची, कुठला कोच शेवटच्या पाच मिनिटांत गांगरतो, यावर तिची मतं पक्की असत आणि ती न मागताही मिळत. सकाळची फेरी संपवून ती ड्वेनच्या हॉटेलात शिरली की तो काउंटरमागून विचारायचा, "काय म्हणतंय अ‍ॅशबी?" जसा काही संघ तिच्या परसातच राहत होता. तिचा नवरा गॉर्डी म्हणायचा, "स्वतःच्या पोरांचे वाढदिवस हिला मी आठवण करून द्यायचे. संघातल्या पोरींचे मात्र पाठ."

ब्रिटाला तर ती बालवाडीपासून पाहत आली होती. जोलीनचं शेत बसचा अगदी शेवटचा थांबा. पोरगी ड्रायव्हरमागच्या सीटवर चेंडू मांडीवर घेऊन बसायची आणि मागे कोण कुणाशी भांडलं, कोण रडतंय, हे मार्लिसला आरशात दिसायच्या आधी सांगायची. "चेंडू आणून देणाऱ्या पॉइंट गार्डला उंची नाही लागत," मार्लिस सगळ्यांना सांगे, "मागे डोळे लागतात."

"अ‍ॅशबीला ब्रास्क कोच आहे," ती आता म्हणाली. "मोठमोठ्या कॉलेजांनी बोलावलं तिला, पण बाई हलली नाही. पोरीला चारही वर्षं तीच शिकवेल."

"शब्द देताय का, मिसेस टी?" ब्रिटाने हसत विचारलं.

"दिला."

ब्रिटाने अ‍ॅशबीला होकार कळवला.

बर्फ वितळून शेतांत पाणी साचलं होतं, त्या दिवसांत एका सकाळी मार्लिस हॉटेलात शिरली तर ड्वेनने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. त्याने कॉफी ठेवली आणि फडक्याने कोरडंच काउंटर पुसत राहिला.

"कोण गेलं?" मार्लिसने विचारलं.

"ब्रास्क. टेक्ससला. आत्ताच रेडिओवर सांगितलं."

मार्लिस स्टुलावर बसली. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं की तिकडे पगार दसपट आहे, आपणही गेलो असतो. यावर मार्लिसचं काहीच मत नव्हतं. ती कॉफी न पिताच उठली आणि गाडी काढून जोलीनच्या शेताकडे निघाली, पण वळणावर थांबून परत फिरली.

नवी कोच तरुण होती. बोलायला गोड होती आणि येताना आपल्या जुन्या कॉलेजातल्या चार मुली घेऊन आली. त्यातल्या दोघी ब्रिटाच्याच जागेवर खेळणाऱ्या गार्ड. मार्लिस पहिला सामना बघून आली आणि गॉर्डीला म्हणाली, "बाई वाईट नाही. तिच्या जागी मीही माझ्याच ओळखीच्या पोरी खेळवल्या असत्या."

"मग ब्रिटाचं काय?"

"बाकावर बसलीय," मार्लिस म्हणाली आणि बूट काढू लागली.

ब्रिटा तो सगळा हिवाळा बसून होती. सामना हातचा गेला किंवा पुरता खिशात आला, की शेवटची दोन मिनिटं तिला पाठवत. ती धावत आत जायची, दोन-तीन पास द्यायची, की शिट्टी वाजायची. मार्लिस आपल्या नेहमीच्या जागेवरून तिच्याकडे बघे. अ‍ॅशबीने त्या वर्षी बरेच सामने जिंकले. हॉटेलात लोक नव्या कोचवर खूश होते, आणि मार्लिसला कबूल करावं लागे की बचाव सुधारलाय.

जोलीन तिला रागाने कधी काही बोलली नाही. किराणा दुकानात एकदा दोघी समोरासमोर आल्या तेव्हा "बरं चाललंय ना?" इतकं विचारून जोलीनने सामानाची ढकलगाडी दुसऱ्या रांगेत वळवली. नाताळात दर वर्षी तिच्याकडून घरपोच येणारा लिंबाच्या वड्यांचा डबा आला नाही. गॉर्डीला त्या वड्या फार आवडायच्या.

मोसमातला शेवटचा सामना संपल्यावर ब्रिटा स्वतःच मार्लिसला शोधत आली. केस कोरडे होते. घाम येण्याइतकी ती खेळलीच नव्हती.

"मिसेस टी, मी वेल्डनला चाललेय. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी मीच सांगावं म्हटलं."

मार्लिसने तिच्याकडे नीट पाहिलं. "त्या कोचला बचाव शिकवता येत नाही," ती म्हणाली.

ब्रिटाला हसू आलं. "माहितीय. पण तो मला खेळवणार आहे."

"मी तुला शब्द दिला होता."

"तुम्ही ब्रास्कचा दिला होता, मिसेस टी. तो तुमचा नव्हताच."

घरी येताना वाटेत मार्लिसच्या मनात येत होतं की पोरीने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या हिवाळ्यात अ‍ॅशबीचा संघ वेल्डनला खेळायला जाणार होता. मार्लिसने वेल्डनच्या सभागृहात आजवर पाऊल ठेवलं नव्हतं, आणि ते ती अभिमानाने सांगत असे. त्या शनिवारी दुपारी ती चर्चला जायचा तपकिरी कोट घालून दाराशी उभी राहिली.

"स्वेटर धुवायला टाकलायस का?" गॉर्डीने विचारलं.

"कपाटात आहे."

गॉर्डीने गाडीच्या किल्ल्या घेतल्या. बर्फाचा रस्ता होता, म्हणून गाडी त्याने चालवली आणि तो सभागृहाखालच्या कँटीनमध्ये चहा पीत बसला.

आत समोरच्या अर्ध्या बाजूला अ‍ॅशबीचे हिरवे बसले होते, बाकी सगळं वेल्डनचं तांबडं. मार्लिस तांबड्यांच्या बाजूने चढू लागली. मधल्या रांगेत जोलीन एकटीच होती. तिने मार्लिसला पाहिलं, मग शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली. मार्लिस बसली.

ब्रिटा पहिल्यापासून खेळत होती. तिने दोनदा चेंडू घालवला, आणि एकदा न बघता मागे असा पास दिला की समोरच्या हिरव्यांतूनही कुणीतरी दाद दिली. वेल्डनचा बचाव भिकारच होता. सामना शेवटपर्यंत बरोबरीत राहिला तो त्यामुळेच. शेवटी ब्रिटाला ढकललं गेलं आणि तिला दोन मोकळ्या फेकी मिळाल्या, फ्री थ्रो.

हिरवे पायांनी फळ्या बडवू लागले. फेकणारीचा हात हलावा म्हणून मार्लिसनेच त्यांना वर्षानुवर्षं हे शिकवलं होतं. तिच्या टाचा आपोआप उचलल्या गेल्या. तिने त्या खाली टेकल्या आणि गुडघ्यांवर हात दाबून बसली. पहिली फेक कड्यावर आदळून बाहेर आली.

"काय चुकलं?" जोलीनने हळूच विचारलं. किराणा दुकानातल्या त्या भेटीनंतर तिने मार्लिसला विचारलेलं एवढंच.

"कोपर बाहेर गेलं. दुसरीला आत घेईल."

दुसरी आत गेली. अ‍ॅशबी एका गुणाने हरलं.

लोक जिन्याने उतरू लागले. दाराकडे निघालेली हिरव्यांची रांग नेमकी त्यांच्या समोरून जात होती. त्यात ड्वेन होता, दर शनिवारी मार्लिसच्या पाठीमागे बसणारे दोघे नवरा-बायको होते. त्यांनी तपकिरी कोट पाहिला, मग तांबडा स्वेटर घातलेली जोलीन पाहिली. नवरा-बायको खाली बघत पुढे गेले. ड्वेन थांबला.

मार्लिस बसल्या जागेवरून म्हणाली, "पुलावर बर्फ गोठलंय, ड्वेन. गाडी सावकाश ने."

"हो," ड्वेन म्हणाला, आणि टोपी कानांवर ओढत दाराकडे गेला.

खाली झाडूवाले आले, दिवे एकेका ओळीने मंद होऊ लागले. ब्रिटा कपडे बदलून बाहेर यायची वाट बघत दोघी तिथेच बसून राहिल्या.